प्रवाह जुळतो, गाळ जुळत नाही: आधी काय तपासायचं

लक्षण असं. शेतीखालच्या पाणलोट क्षेत्राचं मॉडेल उभं केलं, पाऊस घातला, कर्व्ह नंबर (पावसातलं किती पाणी वरून वाहून जाईल ते ठरवणारा आकडा) थोडे वरखाली केले आणि आउटलेटवरचा, म्हणजे क्षेत्रातून पाणी बाहेर पडतं तिथला, प्रवाह छान जुळला. नॅश-सटक्लिफ गुणांक (मॉडेल मोजलेल्याशी किती जुळतं ते सांगणारा, १ म्हणजे तंतोतंत) ०.७ च्या वर. मग गाळाचा आलेख उघडला, तर एका पुरात मॉडेलचा गाळ मोजलेल्याच्या पाचपट, दुसऱ्यात निम्मा, आणि वर्षाची बेरीज भलतीकडेच. हे एकदाच होत नाही. क्षेत्र बदललं, सॉफ्टवेअर बदललं, तरी पुन्हा होतं.

अशा वेळी हात आपोआप गाळाच्या खुंट्यांकडे जातो. पीक-आच्छादनाचा घटक कमी कर, बांधबंदिस्तीचा घटक कमी कर, नदीपात्राचे गुणांक फिरव. मीही हेच केलं आहे. एका क्षेत्रात तीन आठवडे खुंट्या पिळून गाळ अगदी रेषेवर आणला. नंतर पाहिलं तर नांगरलेल्या जमिनीचा आच्छादन-घटक ०.०२ वर गेला होता. हा आकडा दाट गवताचा. उघड्या नांगरटीचा १ धरतात आणि ओळीतल्या पिकांचा वर्षभराचा साधारण ०.२ ते ०.५ दरम्यान येतो. म्हणजे माझ्या मॉडेलने गाळ जुळवण्यासाठी सगळं रान गवताखाली घातलं होतं. पुढच्या वर्षाचा पाऊस दिल्यावर ते कोसळलं, यात नवल नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा बहुतेक वेळी बिघाड गाळात नसून पाण्यात असतो. आउटलेटवरचं एकूण पाणी चुकीच्या वाटेनेही बरोबर येऊ शकतं, गाळ मात्र येऊ शकत नाही. म्हणून गाळाचे घटक सर्वात शेवटी हलवायचे.

पण त्याआधी, मोजलेला गाळ खरा आहे का?

ही पायरी कंटाळवाणी असल्याने सगळे ओलांडून जातात. बहुतेक ठिकाणी गाळ रोज मोजलेला नसतो. वर्षातून काही नमुने घेतात, प्रवाह आणि गाळ यांचा लॉग-लॉग आलेख काढून त्यातून सरळ रेषा ओढतात आणि उरलेल्या दिवसांचा गाळ त्या रेषेवरून काढतात. तुम्ही ज्याला 'निरीक्षण' म्हणता तेही एक मॉडेलच आहे, फक्त जुनं.

या रेषेत एक ठरलेली चूक असते. लॉगमधली सरासरी परत साध्या आकड्यात आणली की ती खऱ्या सरासरीपेक्षा खाली बसते. फर्ग्युसन यांनी १९८६ मध्ये यासाठी एक साधी दुरुस्ती दिली: दहाच्या पायावरच्या लॉगमधली प्रमाण त्रुटी घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्याला २.६५ ने गुणायचं, आलेला आकडा ई चा (२.७१८ चा) घातांक म्हणून वापरायचा आणि त्या उत्तराने गाळाला गुणायचं. त्रुटी ०.३५ असेल तर गुणक १.३८ येतो. म्हणजे दुरुस्ती न केलेला 'मोजलेला' गाळ खऱ्यापेक्षा पाव हिश्श्याहून जास्त कमी, आणि तुम्ही मात्र मॉडेलला जास्त गाळ काढतं म्हणून दोष देताय.

दुसरी भानगड पूर चढताना आणि उतरताना. लहान शेती क्षेत्रांत गाळाचं शिखर बरेचदा पाण्याच्या शिखराआधी येतं, कारण सैल झालेली माती पहिल्या लोंढ्यातच निघून जाते. नमुने पूर ओसरताना घेतलेले असतील (रात्री पाऊस, सकाळी माणूस पोहोचतो, हे नेहमीचंच) तर गाळ कमीच दिसणार. नमुन्यांच्या वेळा आधी पाहा. शिवाय तळावरून सरकणारी वाळू बाटलीत येत नाही. मॉडेल ती धरतं की नाही, तेही बघून ठेवा.

एककं इथेच उरकून घेऊ. मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले घनमीटर प्रति सेकंद, गुणिले ०.०८६४, म्हणजे टन प्रति दिवस. जमिनीच्या धूपक्षमतेचा घटक जुन्या अमेरिकी तक्त्यातून घेतला असेल तर मेट्रिकसाठी ०.१३१७ ने गुणावं लागतं, आणि पावसाच्या क्षरणशक्तीला १७.०२ ने. एकाला गुणलं आणि दुसऱ्याला विसरलं, हा रोजचा अपघात आहे. आणखी एक फसवा आकडा म्हणजे ३.६. विल्यम्स यांच्या १९७५ च्या सुधारित समीकरणात (वावरातली धूप काढणाऱ्या युसल या मूळ समीकरणाची एकेका पुरासाठी बदललेली आवृत्ती) अपधावाचं, म्हणजे जमिनीवरून वाहून जाणाऱ्या पाण्याचं, आकारमान घनमीटरमध्ये हवं असतं. एका हेक्टरवरचा एक मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर. तिथे कोणी मिलिमीटर-हेक्टर तसेच घातले तर उत्तर दहाच्या ०.५६ व्या घाताने, म्हणजे बरोबर ३.६ पटीने कमी येतं. तुमचा गाळ प्रत्येक पुरात सारख्याच पटीने चुकत असेल तर आधी एककंच शोधा. निसर्ग इतक्या शिस्तीत चुकत नाही.

दहा पुरांची चाचणी

आता पाण्याकडे. वर्षाची बेरीज बाजूला ठेवा आणि दहा सुटे पूर निवडा: काही पेरणीनंतरचे, काही भर पिकातले, एकदोन कापणीनंतरचे. प्रत्येक पुरासाठी तीन गुणोत्तरं काढा. मॉडेलचं अपधावाचं आकारमान भागिले मोजलेलं, मॉडेलचं शिखर (पुरातला कमाल प्रवाह) भागिले मोजलेलं, मॉडेलचा गाळ भागिले मोजलेला. दोन्हीकडच्या आकारमानांतून भूजलाचा वाटा आधी वजा करा, नाहीतर चाचणीच फसते.

सुधारित समीकरणात गाळ हा आकारमान गुणिले शिखर यांच्या ०.५६ व्या घातावर चालतो. तेव्हा पहिली दोन गुणोत्तरं गुणून त्याचा ०.५६ वा घात घ्या आणि तिसऱ्याशी ताडून पाहा. समजा आकारमान १.२ पट आणि शिखर ३ पट आहे. गुणाकार ३.६, घात घेतल्यावर सुमारे २.०५. तुमचा गाळ २.१ पट जास्त असेल तर तो सगळा दोष पाण्याचा. माती, पीक, बांध, कशालाही हात लावू नका. गाळ ६ पट असेल तर पाण्याने दुप्पट केला आणि उरलेले तीनपट जमिनीच्या बाजूचे. हा हिशोब चार रकान्यांत होतो आणि त्याने वाचलेले आठवडे मी मोजलेले नाहीत. मॉडेल दुसऱ्या समीकरणावर चालत असेल तर घात बदलेल, पण पद्धत तीच.

या चाचणीत मला बहुतेक वेळा पाणीच दोषी सापडतं, आणि त्याची तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिलं कारण म्हणजे भूपृष्ठ आणि भूजल यांची वाटणी. नदीतून वर्षाला ३०० मिलिमीटर पाणी जातं असं धरू. खरं पाहता त्यातले ८० वरून वाहून आले आणि २२० जमिनीत मुरून झिरपत आले. मॉडेलने नेमकं उलट केलं: २२० वरून, ८० खालून. महिन्याची बेरीज तीच, गुणांकही चांगला. पण वरून वाहणारं पाणी पावणेतीनपट झालं, शिखरंही त्याच प्रमाणात वाढली असं मानलं तर गाळ तिप्पट. म्हणून कॅलिब्रेशनच्या (मोजलेल्याशी जुळवण्यासाठी घटक फिरवण्याच्या) आधी मोजलेल्या प्रवाहातून भूजल-प्रवाह वेगळा काढा आणि दोन्ही भाग स्वतंत्र जुळवा. त्यासाठी सोपे डिजिटल फिल्टर पुरतात. अचूक वाटणी मिळणार नाही, पण उलटी झाली आहे की नाही एवढं नक्की कळतं.

दुसरं कारण पावसाचा वेग. रोजच्या पावसाचा आकडा ६० मिलिमीटर आहे. तो एका तासात पडला की वीस तासांत, हे त्या आकड्याला माहीत नसतं. पावसाच्या ऊर्जेचं रूसल (युसलची नंतर सुधारलेली आवृत्ती) पद्धतीतलं सूत्र लावून मी दोन्ही टोकं काढून पाहिली. एका तासात सारखा पडला तर ऊर्जा आणि अर्ध्या तासाची कमाल तीव्रता यांचा गुणाकार सुमारे १००० येतो. वीस तासांत सारखा पडला तर सुमारे २०. तोच पाऊस, पन्नासपट फरक! रोजच्या पावसावर चालणारी मॉडेलं ही तीव्रता सांख्यिकीतून अंदाजतात, बहुधा महिन्याच्या कमाल अर्ध्या तासाच्या पावसावरून. ती नोंद दूरच्या केंद्राची किंवा सॉफ्टवेअरने स्वतःहून भरलेली असेल तर प्रत्येक पुराचं शिखर चुकणार. १५ मिनिटांच्या नोंदी दोनच वर्षांच्या मिळाल्या तरी घ्या आणि त्यावरून ते महिन्याचे आकडे सुधारा. तासाच्या नोंदी असतील तर लक्षात असू द्या, अर्ध्या तासाची खरी कमाल तीव्रता त्यात दबून जाते.

याच रांगेतली एक क्षुल्लक चूक. पर्जन्यमापकाचा 'दिवस' पुष्कळ ठिकाणी सकाळी बदलतो आणि प्रवाहाचा मध्यरात्री. मग पाऊस एका तारखेला आणि पूर आदल्या तारखेला दिसतो. एका क्षेत्रात मी पुराच्या वहनकाळाशी किती दिवस झगडलो ते सांगत नाही.

तिसरं कारण कर्व्ह नंबर. ७५ वरून ८५ केला तर ६० मिलिमीटर पावसाचा अपधाव १४.५ वरून २७ मिलिमीटरवर जातो, जवळजवळ दुप्पट. हे सगळ्यांना ठाऊक असतं. कमी लोकांच्या लक्षात येतं ते सरासरीचं नुकसान. निम्मं क्षेत्र ६० चं आणि निम्मं ९० चं असेल तर सरासरी ७५, अपधाव १४.५. पण दोन्ही भाग वेगळे काढून मग सरासरी घेतली तर १९.६. आणि गाळाच्या दृष्टीने तर सगळी गंमत त्या ९० च्या निम्म्या भागातच आहे, जिथून एकट्यातून ३६ मिलिमीटर पाणी वाहतं. गाडीवाटा, तुडवलेल्या कडा, जनावरांची वाट असली ठिकाणं क्षेत्राच्या थोड्याच टक्क्यांत असतात, आणि मॉडेलमधले तुकडे सोपे करताना 'पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल ते वगळा' म्हटलं की हीच पहिली उडतात.

उताराचा नकाशा

पाणी निर्दोष निघालं आणि तरी गाळ तीनपट राहिला, तर मग जमीन. तिथेही आधी पीक नाही, उतार.

नकाशातला चौकोन मोठा असेल तर उतार सपाट होतो, हे खरं. पण पायऱ्यांच्या शेतीत उलटं होतं. टेकडीचा एकंदर उतार १२ टक्के, ताली घातल्यामुळे प्रत्येक वावराचा उतार २ टक्के. तीस मीटरच्या चौकोनाला ताली दिसत नाहीत, १२ टक्केच दिसतो. रूसलच्या सूत्राने १२ टक्क्यांचा उतार-घटक १.५ आणि २ टक्क्यांचा ०.२५. सहापट! आता इथे बांधबंदिस्तीचा घटक कमी करून दुरुस्ती केलीत तर ती योगायोगाने बरोबर येईल. मात्र पुढे कोणी बारीक नकाशा बसवला आणि तो घटक तसाच राहिला, तर तालींचं श्रेय दोनदा दिलं जाईल.

अगदी सपाट रानात वेगळाच त्रास. शेजारच्या दोन चौकोनांच्या उंचीत एक मीटरची चूक असेल तर तीस मीटरवर ३.३ टक्क्यांचा खोटा उतार उभा राहतो. उपग्रहाच्या नकाशात एवढी चूक सहज असते. खरा उतार अर्धा टक्का असेल तर उतार-घटक साडेचार पट फुगतो. नकाशा हलकेच गुळगुळीत करून घ्या. आणि खड्डे भरण्याची आज्ञा देण्यापूर्वी ते खड्डे खरे आहेत का पाहा: शेततळं, बांधाआडचा खोलगट भाग, रस्त्याच्या भरावामागचं पाणी. हीच गाळ थांबण्याची ठिकाणं, आणि आपण एका बटनावर ती बुजवून टाकतो.

उताराची लांबी हा तर जुना शत्रू. युसलचा प्रमाण-वाफा (तुलनेसाठी ठरवलेला जमिनीचा तुकडा) २२.१ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा. विशमायर आणि स्मिथ यांच्या १९७८ च्या हस्तपुस्तिकेतली मांडणी प्रयोगाच्या वाफ्यांच्या दहा हजारांहून जास्त वाफा-वर्षांच्या नोंदींवर उभी आहे. तिथे लांबी म्हणजे पाणी वाहू लागतं तिथपासून ते गाळ बसू लागतो किंवा पाणी ओहोळाला मिळतं तिथपर्यंत. संगणक मात्र ती डोंगरमाथ्यापासून थेट नदीपर्यंत मोजत जातो. शंभर मीटरला लांबी-घटक २.१ येतो, तीन हजार मीटरला ११.६ (घात ०.५ धरून). नकाशावर नदीकाठची शेतं लालभडक दिसत असतील तर हेच झालं आहे. लांबीला कमाल मर्यादा घाला. शंभर-सव्वाशे मीटरच्या पुढे जाण्याचं कारण क्वचितच असतं. शिवाय बांध, चर आणि रस्ते या ठिकाणी ती तोडा. आणि वर चढून एकदा पाहा: सऱ्या उताराला आडव्या आहेत की उभ्या? पाणी सरीतून जातं, नकाशातल्या सर्वात तीव्र उतारावरून नाही.

पिकाचं वेळापत्रक

दहा पुरांच्या तक्त्यात चूक ऋतूप्रमाणे बदलत असेल, तर मात्र पीकच पाहा. पेरणीनंतरच्या पुरांत मॉडेल कमी आणि भर पिकात जास्त, म्हणजे वर्षभर एकच आच्छादन-घटक वापरला आहे. सॉफ्टवेअरने उष्णतेच्या बेरजेवरून स्वतःच पेरणीची तारीख ठरवली असेल तर ती उघडून पाहाच. पावसावर पेरणी होते तिथे त्या तारखा हमखास भलत्या येतात, आणि मग खऱ्या रानात ढेकळं असताना मॉडेलमध्ये गुडघाभर पीक उभं असतं. पानांच्या क्षेत्रफळाचा आलेख काढून एखाद्या शेतकऱ्याला दाखवा. तुमच्या महिन्याभराच्या कामातली चूक तो मिनिटात सांगेल.

मातीची वागणूक इथे दोन टोकांची असते. बारीक, पोयट्याची जमीन पेरणीसाठी भुसभुशीत केली की दोन-तीन सरींत तिच्यावर पापुद्रा धरतो. जमीन खाली कोरडी असली तरी पाणी वरून वाहू लागतं आणि कर्व्ह नंबर मात्र 'कोरडी जमीन' म्हणून खाली बसलेला असतो. भेगाळणाऱ्या चिकण जमिनीत बरोबर उलटं. पहिले पाऊस भेगा गिळतात, आउटलेटवर टिपूस येत नाही आणि मॉडेल मात्र पूर काढतं. भेगांचा पर्याय काही मॉडेलांत असतो, पण मुळात बंद ठेवलेला. तो चालू करा, किंवा निदान त्या महिन्यांचा कर्व्ह नंबर वेगळा द्या.

वाटेत काय होतं

युसल आणि रूसल वावरातून निघालेली माती सांगतात, नदीत पोहोचलेली नाही. मधला हिस्सा वाटेत बसतो. व्हॅनोनी यांच्या सूत्राने एक चौरस किलोमीटरच्या क्षेत्रातून ०.४७ आणि शंभरच्या क्षेत्रातून ०.२७ इतकाच भाग बाहेर येतो. हे सूत्र ढोबळ आहे, पटीचा अंदाज म्हणून ठीक. विल्यम्सच्या सुधारित समीकरणात मात्र अपधावातून ही वहनाची गोष्ट आधीच आलेली असते. त्याच्या उत्तराला पुन्हा या गुणोत्तराने गुणलेलं मी अनेक हिशोबांत पाहिलं आहे. गाळ सगळीकडे सारखाच कमी येत असेल आणि एककं बरोबर असतील तर हा गुणाकार शोधा.

या सगळ्यानंतर मोरियासी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मासिक गाळासाठी सुचवलेली ±५५ टक्क्यांची मर्यादा (मॉडेल आणि मोजमाप यांच्या एकूण बेरजेतल्या तफावतीची) गाठली, तर थांबायला हरकत नाही. प्रवाहासाठी त्यांनी ±२५ ठेवली आहे. गाळासाठी दुप्पट ढील दिली त्याला कारण आहे, ती ढील वापरा.

एक प्रकार तरीही उरतो. लहान आणि मध्यम पूर जुळतात आणि वर्षातले एकदोन मोठे पूर मॉडेलमध्ये निम्मेच राहतात. चाचणीत पाणी निर्दोष, उतार पाहून झाला, पीक पाहून झालं. अशा वेळी तो गाळ वावरातला नसतोच. काठ ढासळतात, घळी डोक्याकडून मागे सरकतात, आणि हे युसलच्या कुळातल्या कोणत्याही समीकरणात नाही. खात्री करायची तर सीझियम-१३७ पाहावं लागतं. अणुचाचण्यांतून पडलेलं हे द्रव्य वरच्या थरातल्या मातीत धरून राहतं आणि काठाच्या खोल मातीत जवळजवळ नसतं. पुराच्या गाळात ते नगण्य सापडलं तर गाळ काठातून किंवा घळीतून आला. प्रयोगशाळा परवडत नसेल तर मोठ्या पुरानंतर ओहोळाच्या कडेने दोन किलोमीटर चाला आणि ताज्या तुटलेल्या कडांची लांबी, उंची आणि मागे सरकलेलं अंतर टेपने मोजा. त्या तिघांचा गुणाकार गुणिले दीड, म्हणजे अंदाजे टन. हा आकडा मॉडेलच्या तुटीच्या आसपास आला, तर शेताचे घटक जिथे आहेत तिथेच राहू द्या आणि काठांचा भाग वेगळा जोडा.